भाकरी कुठे फुगवायची?

कसबा पेठेतील तांबट आळी आधी ऐकू येते आणि मग दिसते. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके एका लयीत पडत असतात. या कामाला तिथे मठारकाम म्हणतात. ठोके बसले की पत्र्यावर नक्षीसारख्या खुणा उमटतात आणि तांबे घट्टही होते, म्हणजे भांडे सहज पोचत नाही. पेशवाईपासूनची ही वस्ती. आता तिथे फुलदाण्या आणि हॉटेलांसाठीची भांडी जास्त होतात. पण पुणेकरांना या आळीची खरी आठवण आहे ती बंबासाठी.

आमचे लहानपण याच पेठेतल्या एका वाड्यात गेले. न्हाणीघराबाहेर आमचा बंब असे. बंबाची रचना विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवावी अशी आहे. बाहेर पाण्याचे उभे भांडे आणि त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत गेलेला एक नळकांडे. खाली जाळी. नळकांड्यात वरून काटक्या, करवंट्या, कोळसे टाकायचे. म्हणजे विस्तव पाण्याच्या खाली नाही, पाण्याच्या पोटात आहे. गरम वायू वर जाताना चहूबाजूंनी पाण्यानेच वेढलेले असतात, त्यामुळे त्यांची बरीच उष्णता पाण्याला मिळते. तीन दगडांवर ठेवलेल्या पातेल्याच्या बाजूने मात्र तीच उष्णता निसटून जाते.

एकदा आजीने बंब दुरुस्तीला नेला तेव्हा आम्ही बरोबर होतो. तांबटकाकांपुढे तो ठेवून ती म्हणाली, "राख काढायला हात आत जात नाही. रोज बोटे भाजतात." काकांनी उत्तर दिले नाही. त्यांनी आपला हात राखेच्या दाराशी नेला. तो गेला नाही. मग आजीच्या हाताकडे पाहिले. चार दिवसांनी बंब परत आला तेव्हा दार रुंद केलेले होते.

या प्रसंगात सगळे सोपे होते, कारण वस्तू करणारा आणि वापरणारी एकमेकांसमोर उभे होते. पुढे आम्ही संशोधनाच्या क्षेत्रात आलो आणि स्वतःच वस्तू करू लागलो, तेव्हा कळले की हे सोपे नसते. प्रयोगशाळा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये अनुदाने, अहवाल, उद्दिष्टे आणि मोटारीचा दोन तासांचा रस्ता असतो. तक्रार तेवढे अंतर चालून येईपर्यंत तिचा चेहरा बदलतो. नवी वस्तू करणाऱ्याने ग्राहकाची टीका कशी ऐकावी, हा प्रश्न म्हणूनच आम्हाला विज्ञानाच्याच पद्धतीचा प्रश्न वाटतो. त्यासाठी सुधारित चुलीइतके चांगले उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही.

वर्ध्यापासून सुरुवात

धुराविरुद्धचे प्रयत्न महाराष्ट्रातच फार जुने आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली ग्रामोद्योगांचे काम चाले. तिथून १९४७ साली मगन चूल पुढे आली. हैदराबादचे अभियंता एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल तयार केली आणि १९५३ मध्ये लक्षावधी घरांसाठी निर्धूर स्वयंपाकघर अशा आशयाची पुस्तिका लिहिली. त्यानंतर १९८३ साली केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २००२ मध्ये केंद्राने तो थांबवून राज्यांकडे सोपवला. तोपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या होत्या.

बसवल्या, असे आम्ही मुद्दाम लिहितो. किती वापरात राहिल्या, हा वेगळा आकडा आहे आणि तो बराच लहान आहे. मोजणी प्रामुख्याने बसवलेल्या चुलींची होत होती.

हा विषय किती गंभीर आहे हे एका आकड्यावरून कळेल. घरातील इंधनाच्या धुरामुळे जगात २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसे अकाली मरण पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीपुढे बसणारी बाई आणि तिच्या मांडीवरचे मूल यांच्या फुप्फुसांचा हा हिशोब आहे. निर्धूर चूल ही चैनीची वस्तू नव्हती. ती हवीच होती. तरीही ज्यांच्यासाठी ती केली त्यांनीच ती बाजूला ठेवली. असे का झाले?

अहवालांत याचे उत्तर बहुधा एकाच शब्दात सापडते: जनजागृतीचा अभाव. हा शब्द दिसला की आम्ही आता सावध होतो. त्याचा सरळ अर्थ असा असतो की वस्तू बरोबर आहे, माणसे चुकली.

प्रयोगशाळेने काय मोजले

चुलीची कार्यक्षमता मोजण्याची नेहमीची रीत म्हणजे पाणी उकळण्याची चाचणी. शाळेतही करता येईल इतकी ती सोपी आहे. समजा, सपाट बुडाच्या पातेल्यात ५ किलो पाणी घेतले. त्याचे तापमान २८ अंश सेल्सिअस. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्याने इथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळते. म्हणजे तापमानातील वाढ ७० अंश. पाण्याचा विशिष्ट उष्मा ४.१८ किलोज्यूल धरला तर पाण्याने घेतलेली उष्णता ५ × ४.१८ × ७० = १४६३ किलोज्यूल. उकळताना अर्धा किलो पाण्याची वाफ झाली. वाफेचा अप्रकट उष्मा दर किलोला सुमारे २२६० किलोज्यूल, म्हणून त्यात गेले ११३०. बेरीज २५९३. जळण १ किलो लागले. हवेवर वाळलेल्या लाकडापासून दर किलोला सुमारे १६,००० किलोज्यूल उष्णता मिळते. भागाकार केला की उत्तर येते १६ टक्के.

तीन दगडांच्या चुलीला १० ते १५ टक्के मिळतात. राष्ट्रीय कार्यक्रमात बसवायच्या स्थिर चुलीला किमान २० आणि उचलून नेता येणाऱ्या चुलीला किमान २५ टक्के हवेत, अशी अट होती. आम्हीही हा भागाकार शेकडो वेळा केला आहे आणि एकेका टक्क्यासाठी रात्री जागवल्या आहेत.

आता हाच हिशोब एखाद्या गृहिणीला समजावून सांगा. ती पहिल्यांदा काय विचारील? "वाफ कशाला मोजली?" वरच्या उदाहरणात १६ पैकी ७ टक्के वाफेत गेले आहेत आणि आपण ते चुलीच्या खात्यावर जमा केले आहेत. भात शिजवताना वाफ निघून जाणे हे कौतुकाचे नसते. बाई झाकण ठेवते आणि जाळ कमी करते. जी चूल मंद जाळावर नीट चालते तिला या चाचणीत शाबासकी मिळत नाही. जी पाणी भसाभसा उकळवते तिला मिळते.

हा आक्षेप तज्ज्ञांनाही पटलेला आहे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीपद्धतीत पाणी उकळण्याबरोबर आणखी दोन चाचण्या सुचवलेल्या होत्या. एकीत ठरावीक पदार्थ प्रत्यक्ष शिजवायचा आणि दुसरीत घरात काही दिवस किती जळण लागते ते मोजायचे. पण पाणी उकळणे दुपारभरात होते, घरातली मोजणी आठवडाभर चालते. त्यामुळे पहिलीच चाचणी लोकप्रिय झाली. सोयीचे मोजमाप हळूहळू खऱ्या मोजमापाच्या जागी कसे जाऊन बसते, हे परीक्षेच्या गुणांशी रोज झगडणाऱ्या शिक्षकांना आम्ही वेगळे सांगायला नको.

आमची चूल

काही वर्षांपूर्वी आम्हीही एक चूल तयार केली. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातील एका गावात ती काही घरांना दिली. महिन्याभराने छापील प्रश्नावली घेऊन गेलो. चूल आवडली का? होय. धूर कमी झाला का? होय. जळण वाचते का? होय. चहा झाला. आम्ही आनंदात परत आलो.

दोन महिन्यांनी न कळवता पुन्हा गेलो. एका घरात आमच्या चुलीवर पाण्याची कळशी ठेवलेली होती आणि शेजारी जुन्या मातीच्या चुलीवर स्वयंपाक चालू होता. घरातल्या मावशी ओशाळल्या. आम्ही त्याहून जास्त ओशाळलो. शेवटी त्या म्हणाल्या, "सर, चूल चांगली हाय. पर भाकरी फुगवायची कुठं?"

हा प्रश्न नीट समजून घेण्यासाठी भाकरीचे विज्ञान पाहावे लागेल. भाकरी आधी तव्यावर भाजतात. तव्याकडून मिळणारी उष्णता वहनाने येते. तिने दोन्ही बाजूंचा पातळ पापुद्रा घट्ट होतो, आत पीठ ओलेच असते. मग चुलीच्या तोंडातून निखारे पुढे ओढतात आणि भाकरी त्या आरावर शेकतात किंवा जाळासमोर उभी करतात. इथे उष्णता मुख्यतः प्रारणाने येते, आणि ती एकदम व सगळीकडून येते. आतल्या पाण्याची झटकन वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ १०० अंशांना सुमारे १७०० घनसेंटिमीटर जागा मागते. पापुद्रा घट्ट झालेला असल्याने वाफ बाहेर पडू शकत नाही. ती दोन थर वेगळे करते आणि भाकरी टम्म फुगते. हे सावकाश झाले तर वाफ कडेने झिरपून जाते आणि भाकरी चामट होते.

आमच्या चुलीत निखाऱ्यांना पुढे जागाच नव्हती. धूर कमी व्हावा म्हणून आम्ही जाळाचा कोठा बंदिस्त आणि तोंड अरुंद केले होते. निखारे जाळीतून खाली राखेत पडत. पाणी उकळण्याच्या चाचणीत आमची चूल उत्तम होती. पाण्याला फुगायचे नव्हते!

आमच्या प्रश्नावलीत भाकरीचा प्रश्न का नव्हता? कारण आम्ही चूल म्हणजे उष्णता देणारे यंत्र मानले होते. मावशींची चूल एकाच वेळी तीन कामे करीत होती. पुढे आरावर भाकरी, मध्ये तवा, वैलावर आमटी. शिवाय पावसाळ्यात ओले जळण तिच्याच उबेत वाळत होते. आम्ही त्यांपैकी एक काम सुधारले आणि बाकीची काढून घेतली.

आणि सगळ्यांनी 'होय' का सांगितले? फुकट दिलेल्या वस्तूला दारी आलेल्या पाहुण्यासमोर कोण नावे ठेवील? आपल्याकडे हा शिष्टाचार आहे, आणि तो चांगलाच आहे. चूक प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत होती. तेव्हापासून आम्ही 'आवडली का' हा प्रश्न सोडून दिला. त्याऐवजी सकाळी लवकर जाऊन स्वयंपाक होईपर्यंत बसतो, जळणाचा भारा वजन करून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वजन करतो. भिंतीवरची काजळी नवी आहे की जुनी ते पाहतो. काजळी शिष्टाचार पाळत नाही.

ओडिशात रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे अडीच हजार कुटुंबांचा चार वर्षे पाठपुरावा केला. सुधारित चूल मिळाल्यावर पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातून जाणारा धूर कमी झाला. पुढे हा फायदा दिसेनासा झाला. चुली नियमित वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची देखभाल झाली नाही. या कुटुंबांनी मोर्चा काढला नव्हता की पत्र लिहिले नव्हते. त्यांनी फक्त चूल वापरणे सोडले. नव्या वस्तूवरची सर्वांत कडक टीका बहुतेक वेळा अशीच न बोलता होते, आणि पहिल्या वर्षानंतर मोजायला न जाणाऱ्याला ती कधीच ऐकू येत नाही.

निरीक्षण बरोबर, कारण चुकीचे

मात्र ग्राहक म्हणतो ते सगळे खरे, असेही धरून चालत नाही. आमच्या आजीचे ठाम मत होते की बंबात पाणी लवकर तापते ते तांब्यामुळे. तांबे उष्णतेचे फार चांगले वाहक आहे, स्टेनलेस स्टीलच्या कितीतरी पट. पण इथे अडथळा धातूचा नसतो. गरम वायूतून धातूच्या पृष्ठभागापर्यंत उष्णता पोचणे हीच सर्वांत कठीण पायरी आहे. धातूच्या पातळ पत्र्यातून ती दोन्ही बाबतीत सहज पार होते. त्यामुळे तशाच आकाराचा स्टीलचा बंब जवळजवळ तितक्याच लवकर पाणी तापवील. श्रेय मधल्या नळकांड्याचे आहे. आजीचे निरीक्षण अचूक होते, तिने सांगितलेले कारण मात्र चूक होते. (हे आम्ही तिला कधी सांगितले नाही.)

टीका ऐकताना या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या पाहिजेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकरी म्हणत की लोखंडामुळे जमिनीला विष लागते. नांगर विकले जायला दोन वर्षे लागली असे सांगतात. विषाची गोष्ट चुकीची होती. तिच्यासाठी लोखंड सोडून पुन्हा लाकडाकडे वळण्याची गरज नव्हती. पण अशा वाक्यामागची भीती खरी असते. ज्याचे पोट एका पिकावर आहे त्याने अनोळखी वस्तू जमिनीत घालायला कचरणे हा अडाणीपणा नव्हे. अशा टीकेला वाद घालून उत्तर देता येत नाही. शेजाऱ्याच्या शेतात उभे राहिलेले पीकच ते उत्तर देते.

चुलीबाबतही असे बोलणे आम्ही ऐकले. "धूर गेला आणि छपराला कीड लागली." हसण्याआधी विचार करावा. गवताच्या आणि बांबूच्या छपराला रोजचा धूर मिळाला की कीड कमी लागते, हा अनुभव जुना आहे. धुराचा हा उपयोग आमच्या हिशोबात कुठेच नव्हता. म्हणून धूर ठेवावा का? नाही. पण छपराचे काय करायचे, याचे उत्तर तयार ठेवल्याशिवाय धूर काढायला जाऊ नये. धुराड्याबद्दलची तक्रार तर याहून सरळ होती. ते छपरातून बाहेर काढले की भोकाच्या कडेने पाऊस आत येतो. आणि आतली काजळी वरचेवर काढली नाही तर ते तुंबते व सगळा धूर घरात परततो. कोकणात आणि मावळात पावसाळा चार महिन्यांचा असतो. चुलीच्या आराखड्यात छप्पर धरलेले नसेल, तर आराखडा अपुरा आहे.

मागणी आणि गरज

सगळ्यात अवघड बाब वेगळीच आहे. ग्राहक उपायच सुचवतो आणि तो उपाय चुकीचा असतो.

आम्हाला सर्वाधिक वेळा सांगितले गेले ते असे: "तोंड मोठे करा." हे ऐकले असते तर चूल बिघडली असती. त्याचे कारण ज्वलनात आहे. लाकूड तापले की त्याच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वायू होऊन बाहेर पडतो. आपण ज्याला ज्वाळा म्हणतो ते या वायूंचे जळणे. त्याला भरपूर तापमान, पुरेशी हवा आणि थोडा वेळ लागतो. तोंड मोठे केले की गरजेपेक्षा जास्त थंड हवा आत शिरते, ज्वाळा थंडावते आणि अर्धवट जळालेले वायू धूर होऊन निघतात. वर मोठ्या तोंडात माणूस जास्त लाकूड कोंबतो. जितके लाकूड आत, तितके वायू जास्त, आणि त्यांना लागणारी हवा मात्र अपुरी. म्हणजे कुठे हवा जास्त, कुठे कमी, आणि दोन्हीकडून धूर.

मग मागणी धुडकावायची का? तसेही नाही. आम्ही विचारले, तोंड मोठे कशासाठी हवे? उत्तर सोपे होते. लाकूड फोडायला वेळ नसतो. कुऱ्हाड घरातला माणूस चालवतो आणि तो सकाळी कामाला जातो. बाईच्या हाती जे येते ते जाड ओंडके आणि लांब फांद्या. तोंड मोठे हवे हा उपाय होता. लाकूड फोडावे लागू नये ही गरज. गरज पूर्ण करायला दुसरे मार्ग निघू शकतात. आम्ही तोंडासमोर एक आडवा आधार दिला. लांब फांदी त्यावर टेकून राहते, बाहेर लोंबत नाही आणि जळेल तशी आत सरकवता येते. ओंडक्यांचा प्रश्न मात्र सुटला नाही. आजही त्या चुलीत ओंडका जात नाही आणि तक्रार कायम आहे. ती रास्त आहे, हे आम्ही मान्य करतो.

महाराष्ट्रात राष्ट्रीय कार्यक्रमाच्या काळात तयार झालेल्या चुली पाहिल्या तर टीकेचा परिणाम दिसतो. लक्ष्मी ही दोन भांड्यांची धुराड्याची चूल. भाग्यलक्ष्मीवरही दोन भांडी बसतात, पण तिला धुराडे नाही. गृहलक्ष्मी एका भांड्याची, उचलून नेता येणारी. सगळ्यांसाठी एकच उत्तम चूल असा हट्ट सुटल्याशिवाय असे प्रकार निघत नाहीत. पुण्यातील आरती या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, चुली विकण्याचे काम कुंभार आणि गावातील लहान उद्योजकांकडे देण्याचा मार्ग धरला. आम्हाला हा बदल चुलीच्या कोणत्याही सुधारणेपेक्षा महत्त्वाचा वाटतो. चूल विकत घेतलेली बाई कुंभाराला आठवडी बाजारात गाठून दोन शब्द सुनावू शकते. अनुदानाच्या चुलीबद्दल ती कोणाला सुनावणार? कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातही एके काळी चुली आणि शेगड्या अशाच विकल्या जात. घासाघीस आणि तक्रार एकाच दमात.

याच संस्थेच्या सराई कुकरचीही आठवण इथे येते. उसाच्या पाचटापासून केलेल्या कोळशाच्या सुमारे १०० ग्रॅम कांड्यांवर त्यात वाफेने वरण, भात, भाजी शिजते. कल्पना फार सुंदर आहे. पण भाकरी त्यात होत नाही. त्यामुळे तो चुलीची जागा घेत नाही, तिच्या शेजारी बसतो. अनेक घरांत आज असेच चित्र आहे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून दहा कोटींहून अधिक गॅसजोडण्या दिल्या गेल्या, तरी बऱ्याच घरांत चहा गॅसवर आणि भाकरी व अंघोळीचे पाणी चुलीवर अशी वाटणी असते. दरवेळी नवी वस्तू जुनीला हटवील असे शोधकाला वाटते. घर मात्र दोन्ही ठेवते आणि प्रत्येकीला तिच्या योग्यतेचे काम देते.

पैशाची तक्रार

एक टीका शोधक ऐकतच नाहीत, कारण ती आपल्या विषयाची नाही असे त्यांना वाटते. ती किमतीची. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एच. एस. मुकुंद आणि सहकाऱ्यांनी लहान पंख्याची एक चूल तयार केली. शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या गोळ्या तिच्यात जळत. ऊर्जा या नावाने ती २००६ नंतर बाजारात आली. पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीने तिचे काम पाहिले. सुमारे चार लाख चुली विकल्या गेल्या. ज्वलन फारच स्वच्छ होते. पण पुढे काडीकचऱ्याला इतर गिऱ्हाइके मिळाली, तो महाग झाला, गोळ्यांचा भाव चढला आणि घरांनी चूल बंद केली. आवारातल्या काटक्या फुकट होत्या, आणि त्या हिच्यात नीट जळत नव्हत्या. हा दोष ज्वलनाचा नव्हता. पण चूल एकाच इंधनाला बांधून टाकणे हा निर्णय आराखड्यातलाच होता.

शिक्षकांसाठी इथे एक उपक्रम सुचवतो. आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना घरातली एखादी वस्तू निवडायला सांगा: कुकर, पाण्याचा नळ, दप्तर, सायकल, काहीही. 'आवडते का' असे विचारायचे नाही. घरातले माणूस ती वापरत असताना पंधरा मिनिटे गप्प बसून पाहायचे आणि तीन रकाने भरायचे. पहिल्यात, काय घडले (उदा. आईने कुकरची शिट्टी फडक्याने धरली). दुसऱ्यात, तिने त्याचे कारण काय सांगितले. तिसऱ्यात, ते कारण तपासायला कोणता प्रयोग करता येईल. पहिला आणि दुसरा रकाना एकमेकांत मिसळू न देणे हे सगळ्यात अवघड जाते, असा आमचा अनुभव आहे. पहिल्या तासाला वह्या तपासताना बहुतेक ठिकाणी हीच चूक सापडेल. दुरुस्त करू नका. वर्गात दोन मुलांच्या वह्या मोठ्याने वाचायला द्या.

आमच्या चुलीचे पुढे काय झाले हे सांगायचे राहिले. दुसऱ्या आवृत्तीत तोंडापुढे वितभर रुंदीचा ओटा केला आणि जाळी थोडी मागे घेतली, म्हणजे निखारे पुढे ओढता येतील. मावशींनी पहिली भाकरी शेकली. ती फुगली. आमच्या धूर मोजण्याच्या यंत्रावरचा आकडाही त्याच क्षणी वर गेला, कारण पुढे ओढलेले निखारे धुराड्याच्या ओढीबाहेर जातात आणि त्यांतून निघणारे वायू, विशेषतः वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड, घरातच राहतात. आम्ही तो आकडा मावशींना दाखवला. त्या थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग वर एक झाकण द्या की, भाकरी आत सरकवता येईल असं."

सध्या आम्ही त्या झाकणावर काम करीत आहोत. पत्र्याचे पहिले झाकण तापून वाकडे झाले. दुसऱ्याचा साचा तांबट आळीत टाकला आहे.